कुरण उघडण्याची तारीख

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात, किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीवर, कीअरसार्ज नावाची खिंड आहे. तिच्या पश्चिमेला खाली बुलफ्रॉग नावाचं तळं लागतं. उंची सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी जॉन म्युअर ट्रेल चालताना या तळ्याच्या वरच्या वळणावर मी जवळजवळ अर्धा दिवस बसून काढला. वाट बघत होतो एका खेचराची. ही पायवाट सुमारे 340 किलोमीटरची, एवढ्या दिवसांचं खाणं एका पाठीवर मावत नाही. म्हणून माझा पुढच्या सात दिवसांचा शिधा एक पॅकर खिंडीच्या पलीकडून आणून देणार होता.

बसून करायचं काय, तर खाली बघत होतो. तळं निळंशार, काठाला सपाट जागा, वाऱ्यापासून आडोसा देणारी पाइनची झाडं. सह्याद्रीत अशी जागा असती तर शनिवारी रात्री तिथे पाय ठेवायला जागा मिळाली नसती. इथे एकही तंबू नव्हता. नकाशा काढून पाहिला तर मुक्कामाला मनाई. दुपारी पॅकर आला, मागे चार खेचरं, शेवटच्याच्या पाठीवर माझी पांढरी बादली. त्याला विचारलं, ही मनाई कधीपासून? तो म्हणाला, माझा आजोबा हा धंदा करायचा तेव्हापासून. आणि मग माझ्याकडे न बघता, खेचराच्या मानेवर थाप मारत म्हणाला, ‘यांच्यामुळेच.’

घरी परतल्यावर मी ते शोधत बसलो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट बिघडलेली दिसली की आधी इतिहास उघडायचा असतो: ही ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली. बहुतेक वेळा ती ओळ लिहिणारा मूर्ख नसतो, त्याच्याकडे तेव्हा चांगलं कारण असतं. इथेही तेच निघालं.

सुरुवात मेंढ्यांपासून करावी लागते. 1862 ते 1864 या काळात कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. खालच्या सखल खोऱ्यातली गुरं हजारोंनी मेली. ज्यांच्याकडे मेंढ्या होत्या त्यांनी कळप उन्हाळ्यात डोंगरावर चढवायला सुरुवात केली, कारण खाली सगळं करपलेलं असताना वर बर्फ वितळून हिरवीगार कुरणं उघडी पडत. वाटा आधीच होत्या. मोनो आणि पायूट लोक शेकडो वर्षं या खिंडींतून मीठ, ऑब्सिडियन आणि एकोर्नचा व्यापार करत आले होते. कळप त्याच वाटांनी वर गेले. 1869 च्या उन्हाळ्यात दोन हजारांच्या आसपास मेंढ्यांच्या एका कळपाबरोबर एक तरुण स्कॉटिश माणूस पोटासाठी वर गेला. त्याचं नाव जॉन म्युअर. त्या उन्हाळ्याने तो पर्वताचा झाला आणि मेंढ्यांचा कायमचा वैरी. पुढे त्याने त्यांना टोळधाडीची उपमा दिली, ती इतकी चिकटली की आजही सिएरातल्या मेंढ्यांविषयीचा लेख तिच्याशिवाय पूर्ण होत नाही.

1890 मध्ये योसेमिटी आणि सेक्वोया ही राष्ट्रीय उद्यानं झाली. राखायला कुणी खातं नव्हतं, म्हणून 1891 पासून लष्कराचं घोडदळ पाठवलं. गंमत अशी, की कायद्यात घुसखोरीला शिक्षाच लिहिलेली नव्हती. मेंढपाळाला पकडून करायचं काय? सैनिकांनी युक्ती काढली. मेंढपाळाला उद्यानाच्या एका हद्दीवर नेऊन सोडायचं आणि कळप विरुद्ध हद्दीबाहेर हाकलायचा. मधे काही दिवसांची चाल. तो शोधत पोचेपर्यंत निम्मा कळप पांगलेला. थोड्याच वर्षांत मेंढ्या कमी झाल्या. हे मेंढपाळ बहुतेक बास्क, पोर्तुगीज, मेक्सिकन, म्हणजे ज्यांच्या बाजूने वर्तमानपत्रात पत्र लिहिणारं कुणी नव्हतं असे. त्यांना हाकलणारे सैनिक अर्थातच घोड्यांवर बसून आले होते, त्यांचं सामान खेचरांवर होतं, आणि ती जनावरं रात्री त्याच कुरणांत चरत होती. याची कुठे खंत व्यक्त झालेली मला सापडली नाही.

इथे ‘कुरण’ या शब्दापाशी थोडं थांबतो. आपल्याकडे ‘चराऊ कुरण’ म्हटलं की कुणीही यावं आणि ओरपावं अशी जागा, बहुधा एखादं सरकारी खातं, डोळ्यांसमोर येतं. पण कुरण हा शब्द मुळात राखीव जागेचा आहे. पेशवाईत सरकारी पागेच्या घोड्यांसाठी कुरणं राखलेली असत, पावसाळ्यात तिथे गुरं सोडायला बंदी, मग गवत कापून गंज्या लावायच्या. पुणे जिल्ह्यात आजही कुरण नावाची गावं आहेत. म्हणजे राखणं आणि ओरपणं हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसलेत. सिएराच्या कुरणांचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास मला या दोन अर्थांमधली ओढाताण वाटतो.

1892 मध्ये म्युअर आणि मंडळींनी सिएरा क्लब काढला. क्लबच्या उद्दिष्टांत पर्वत धुंडाळणं, त्याचा आनंद घेणं आणि तो लोकांना जाता येईल असा करणं, हे सगळं लिहिलेलं होतं. शेवटचं कलम महत्त्वाचं. विल्यम कोल्बी नावाच्या तरुण वकिलाचा युक्तिवाद साधा होता: ज्यांनी पर्वत पाहिलाच नाही ते त्याच्यासाठी भांडणार कशाला? 1901 मध्ये त्याने क्लबची पहिली मोठी सहल टुओलमी कुरणांत नेली, जवळजवळ शंभर माणसं. पुढे या सहली ‘हाय ट्रिप’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. वर्षातून एकदा, चार-चार आठवडे, कधी दोनशे माणसं. प्राध्यापक, शिक्षिका, वकील, विद्यार्थी. माणसं चालत, सामान खेचरांवर. लोखंडी चुली, मोठाली पातेली, पिठाची पोती, बिछाने. रात्री शेकोटीभोवती गाणी आणि व्याख्यानं. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांच्या जुन्या सभासदांकडून शिबिरांचं वर्णन ऐकलं असेल तर वातावरण लगेच कळेल.

या सहलींनी खरंच माणसं घडवली. पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेतलं रान वाचवण्यासाठी जे लढले, त्यातले कितीतरी हाय ट्रिपच्या शेकोटीवर तयार झाले होते. राष्ट्रीय उद्यान सेवा या खात्याचा जन्मसुद्धा असाच. 1915 मध्ये स्टीफन मेदर नावाच्या श्रीमंत उद्योजकाने खासदार, संपादक, रेल्वेवाले अशा वजनदार लोकांना खेचरांच्या तांड्याबरोबर सिएरात फिरवलं. स्वयंपाकी होता टाय सिंग नावाचा चिनी माणूस. सांगतात, की तो सकाळी मळलेली कणीक खेचराच्या अंगाला लागेल अशी बांधायचा, म्हणजे दिवसभर त्याच्या उबेने ती फुगून रात्री पावाला तयार. (थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून मी ते चालू ओव्हनच्या दिव्याखाली ठेवतो. टाय सिंगची युक्ती जास्त चांगली.) वर्षभरात, ऑगस्ट 1916 मध्ये, कायदा झाला आणि मेदर त्या खात्याचा पहिला संचालक झाला. आज खेचरांवर नियम करणारं खातं ते हेच.

आता कुरणात काय होत होतं ते पाहू. एक खेचर साधारण चारशे किलोचं. दिवसाला वजनाच्या दोन टक्के सुका चारा धरला तरी आठ किलो. समजा तांडा शंभर जनावरांचा असेल, तर एका मुक्कामात आठशे किलो सुकं गवत, म्हणजे ओलं त्याच्या कितीतरी पट. हे गवत वर्षाला दोन-अडीच महिने वाढतं, कारण जूनअखेर बर्फ असतो आणि सप्टेंबरात पुन्हा दहिवर पडायला लागतं. पण खाणं ही त्यातली लहान बाब आहे. खाल्लेलं गवत पुढच्या वर्षी येतं. खरी अडचण खुरांची. ही कुरणं ओली असतात, वर मुळांनी घट्ट विणलेला गालिचा आणि खाली पाणी धरून ठेवणारी काळी माती. बर्फ नुकता वितळलेला असताना चारशे किलोचं जनावर चार लहान खुरांवर त्यावरून चालतं तेव्हा गालिचा फाटतो. त्या खड्ड्यात पाणी साठतं, उतार मिळाला की वाहू लागतं, वाहिलं की माती कापतं. एकदा ओघळ पडली की ती वरच्या बाजूला सरकत जाते, कुरणातलं पाणी तिच्यातून निथळतं, भूजलाची पातळी खाली जाते. गवताच्या जागी कोरड्या जमिनीतली झुडपं येतात, मग लॉजपोल पाइनची रोपं. पाइन शिरण्यामागे चराई किती आणि हवामान किती, यावर अजून वाद आहेत. ओघळीबद्दल मात्र फारसा वाद नाही, ती समोर दिसतेच.

आणि मुक्कामाच्या जागा. खेचरं झाडांना बांधली की कंटाळून खुरांनी जमीन उकरतात, मुळं उघडी पडतात, दोरीने साल सोलली जाते. एका रात्रीत काही बिघडत नाही. पण चांगल्या जागा मोजक्याच असतात. पाणी, चारा, लाकूड आणि सपाटी एकत्र मिळेल तिथेच प्रत्येक तांडा थांबणार, दर वर्षी. बुलफ्रॉगचं तळं अगदी असंच. वर खिंडीपलीकडे मोटार रस्ता, चालायला एक दिवस.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवणारा माणूस लोवेल समनर, उद्यान सेवेतला जीवशास्त्रज्ञ. तिसच्या दशकात तो सिएरात फिरत होता. एका कुरणावर किती गुरं पोसतील हा हिशोब गुराखी आणि चराई खातं नेहमीच करत आलं होतं. समनरने तोच प्रश्न माणसांना लावला. एखादं रान किती माणसं सोसू शकतं? 1940 मध्ये किंग्ज कॅन्यन उद्यान झालं आणि 1941 मध्ये त्याने तिथल्या चराईवर सविस्तर अहवाल दिला. सरकारी अहवालाचं जे होतं ते झालं असतं. पण 1947 मध्ये त्याने आणि रिचर्ड लेनर्डने मिळून कुरणांच्या रक्षणावर एक लेख लिहिला, आणि तो छापला खुद्द सिएरा क्लबच्या मुखपत्रात. लेनर्ड गिर्यारोहक, वकील, क्लबच्या कार्यकारिणीवर, पुढे अध्यक्षही झाला. म्हणजे घरातल्याच माणसाने घरच्या मासिकात सांगितलं, की मेंढ्यांबद्दल आपण जे बोलत होतो ते आता आपल्या खेचरांबद्दल बोलायची वेळ आली आहे.

मला या सगळ्या गोष्टीत हा क्षण सर्वांत धाडसी वाटतो. मेंढपाळाला हाकलायला घोडदळ लागलं. इथे स्वतःची शेकोटी विझवायची होती. दोनशे माणसांची सहल म्हणजे क्लबचा प्राण, वर्गणीदार तिथूनच येत. तरी सहली हळूहळू लहान होत गेल्या, आणि 1951 मध्ये क्लबने उद्दिष्टांतून ‘लोकांना जाता येईल असा करणं’ हे शब्द काढून तिथे जतन करण्याचं कलम घातलं. चार-पाच शब्दांचा बदल, पण त्यासाठी साठ वर्षं लागली.

दुसऱ्या बाजूला पॅकर होते. त्यांच्यातला नॉर्मन लिव्हरमोर, सगळे त्याला आइक म्हणत, हा चमत्कारिक माणूस. स्टॅनफर्डला शिकलेला, तिथला प्रबंधच रानाच्या अर्थकारणावर, आणि धंदा खेचरांच्या तांड्यांचा. पॅकर, वनखातं, उद्यान सेवा आणि क्लब या सगळ्यांना एका खोलीत बसवावं ही कल्पना त्याची. 1949 मध्ये बर्कलीला अशी पहिली परिषद भरली. विषय होता खेचरं, कुरणं, कचरा आणि मुक्कामाच्या जागा. त्या परिषदा पुढे दर दोन वर्षांनी भरत गेल्या, चर्चा कुरणावरून रानाच्या व्याख्येवर गेली, आणि 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याची बरीचशी मशागत तिथे झाली.

लिव्हरमोर पुढे कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर रोनाल्ड रेगनच्या मंत्रिमंडळात नैसर्गिक संपत्तीचा कारभार पाहत होता. तेव्हा सिएरा ओलांडणारा एक महामार्ग मिनारेट्स शिखरांजवळून न्यायची योजना जोरात होती. जून 1972 मध्ये लिव्हरमोरने रेगनला घोड्यावर बसवून, मागे पत्रकार आणि खेचरांचा तांडा घेऊन, डोंगरात नेलं. तिथल्या एका कुरणात उभं राहून रेगनने जाहीर केलं की हा रस्ता होणार नाही. तो झाला नाही. म्हणूनच मी पॅकरविरोधी लेख वाचताना जरा सावध असतो. त्या दिवशी त्या कुरणात किती खुरांचे ठसे उमटले असतील? आणि महामार्ग झाला असता तर?

दरम्यान चालणारा माणूस बदलला होता. 1952 पासून डिक केल्टीच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या पाठपिशव्या मिळू लागल्या, मागोमाग नायलॉनचे तंबू, फ्रीझ-ड्राइड जेवण. आठवड्याचं सामान स्वतःच्या पाठीवर मावायला लागलं तशी खेचरं दुसऱ्या कुणाची तरी झाली. ज्यांच्या आजीने हाय ट्रिप केली होती, ते नातू लीदमधून वाट काढत कुरकुरू लागले. मला यात थोडी वर्गाची गोष्टही दिसते, फक्त उलटी. म्हातारे, अपंग, लहान मुलांचे आईबाप यांना डोंगरात जायचं तर खेचर लागतं. पाठपिशवीवाला तरुण असतो आणि बहुधा माझ्यासारखा लॅपटॉपवर पोट भरणारा.

1964 च्या कायद्याने रानात व्यापारी सेवांना गरजेपुरती परवानगी ठेवली आहे. गरज किती, हे कुणी ठरवायचं? 2009 मध्ये चालणाऱ्यांच्या एका संघटनेने हाच प्रश्न न्यायालयात नेला. जानेवारी 2012 मध्ये न्यायालयाने म्हटलं, की सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यनने ही गरज नीट तपासलीच नाही. त्या उन्हाळ्यातले पॅकरांचे परवाने लटकले. पोटावर आल्यावर वॉशिंग्टन किती वेगाने हलतं याचा हा नमुना: जूनमध्ये संसदेने मंजूर केलेल्या एका छोट्या कायद्यावर ओबामांची सही झाली, परवाने तात्पुरते सुरू राहिले, आणि उद्यानाने 2015 मध्ये सविस्तर आराखडा दिला. दोन्ही बाजू नाराज.

पण निर्णयाच्या बातम्यांपेक्षा मला जास्त आवडलं ते रोजचं काम. 1959 मध्ये कार्ल शार्स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोन उद्यानांतली कुरणं हिंडून त्यांची अवस्था नोंदवली. अडचण अशी की 1860 पूर्वीचं कुरण कुणी मोजलेलंच नव्हतं. आज जे ‘चांगलं’ दिसतं ते मेंढ्यांनंतरचं चांगलं. मूळ प्रतच नसेल तर फरक कशाशी काढायचा? यावर उपाय म्हणून काही कुरणं चराईला पूर्ण बंद ठेवली, तुलनेसाठी. उरलेल्यांसाठी 1986 च्या आराखड्याने उघडण्याच्या तारखा बसवल्या. त्या ठोकळ तारखा नाहीत. वर्ष कोरडं, साधारण की ओलं, हे हिवाळ्यातल्या बर्फावरून ठरतं आणि त्याप्रमाणे प्रत्येक भागाची तारीख. बर्फ जास्त पडला की तारीख काही आठवडे पुढे सरकते, कारण गालिचा अजून ओला असतो. आणि हंगामाच्या शेवटी माणसं जाऊन चरलेल्या आणि न चरलेल्या जागी छोट्या चौकटीतलं गवत कापतात, वाळवतात, वजन करतात. खाल्लं किती हे मोजता येत नाही, म्हणून उरलं किती हे मोजायचं. फार उरलं नाही तर पुढच्या वर्षी मुक्काम कमी. मॉनिटरिंगची इतकी साधी आणि प्रामाणिक पद्धत मी कुठल्याही सर्व्हरवर पाहिलेली नाही.

मुक्कामाचे नियमही असेच अनुभवातून आलेले. एका तांड्यात वीसपेक्षा जास्त जनावरं नाहीत. झाडाला थेट बांधायचं नाही. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून डोक्यावरून दोर ताणायचा आणि जनावरं त्याला बांधायची, खाली कठीण खडकाळ जमीन बघून. ही आपली दावणच, फक्त उंच. पाण्यापासून तीस मीटर लांब. रात्री चरायला सोडायचं तर पुढच्या पायांत पायबंद आणि म्होरक्या घोडीच्या गळ्यात घंटा, म्हणजे पहाटे शोधायला सोपं. खेचरं घोडीच्या घंटेमागे जातात. चारा आणायचा तर तणाचं बी नसलेला. निघताना लीद पांगवायची, उकरलेले खड्डे बुजवायचे.

हे वाचताना मला 2017 चं रूपकुंड आठवत होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष, पुण्याहून चौदा जण. बेदनी बुग्यालमध्ये आम्ही तंबू ठोकले आणि आमच्या पिशव्या आणणारी खेचरं रात्रभर त्याच गवतात होती. माझीही पिशवी त्यांच्यावर होती. गुडघा दुखत होता, असं मी तेव्हा सांगितलं होतं. किती जनावरं, कुठे बांधायची, बर्फ वितळून किती दिवस झाले, हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नाही आणि आम्हाला कुणी विचारलाही नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2018 मध्ये, उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये रात्रीचा मुक्कामच बंद केला आणि रोजच्या पर्यटकांवर दोनशेची मर्यादा घातली. गवताला विश्रांतीची गरज होतीच. पण वाण आणि लोहाजंगच्या खेचरवाल्यांना घेऊन कुणी बर्कलीसारखी परिषद भरवली नव्हती, तारखांचा तक्ता नव्हता, चौकटीतलं वाळलेलं गवत नव्हतं. एकदम कुलूप. आम्ही चौदा जण नंतर दुसऱ्या डोंगरांत गेलो. खेचरवाले कुठे जाणार होते?

कीअरसार्जच्या वळणावर पॅकरने माझी बादली उतरवली, सही घेतली. खेचरांची तोंडं गवताकडे वळत होती, पण त्याने दोर आखूड धरले होते. खोगिराच्या पिशवीतून त्याने चार तोबरे काढून त्यांना बांधले आणि ती खाईपर्यंत आम्ही दोघे दगडावर बसलो. या वर्षी बर्फ बराच झाला होता, खालची कुरणं अजून उघडली नव्हती. मी त्याला लाडवांतला एक दिला. आईच्या हातचे बेसनाचे, बादलीतूनच आलेले. त्याने तो निम्मा खाल्ला आणि उरलेला खिशात ठेवला. निघताना वाटेवर पडलेली लीद बुटाने दोन्ही बाजूंना उडवली, एकदा मागे वळून जमीन बघितली, आणि तांडा खिंडीकडे वळवला.

मी बादलीतलं पाठपिशवीत भरलं. ती उचलताना पहिल्यांदा उचललीच गेली नाही. बुलफ्रॉग मोकळंच होतं. मुक्कामाची जागा आणखी दीड तास पुढे होती.